मेडल विकण्याआधी त्याची कड वाचा

गेल्या दोन महिन्यांपासून आमच्या दारव्हा-दिग्रसकडच्या गावांत एक मेसेज फिरतोय. मला एकट्यालाच तो चार जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: घरात इंग्रज राजाच्या छापाचं जुनं मेडल असेल तर परदेशातले लोक त्याचे लाखो रुपये देतात. चांदीचं तेच खरं, तांब्याच्या रंगाचं नकली. फोटो काढण्याआधी घासून चकचकीत करा. त्या शिपायांची नोंद कुठेच नाही, ठेवून उपयोग नाही. आणि शेवटी, इंग्रजांची चाकरी केलेल्यांचं कौतुक कशाला?

मी पंधरा वर्षं अशी मेडलं जमवतो आणि ती कुणाच्या छातीवर होती ते शोधतो. या मेसेजमुळे ट्रंकांमधून निघालेली मेडलं सराफाकडे मोडीत चालली आहेत, म्हणून लिहितोय.

लाखो रुपयांचं आधी सांगतो. पाचव्या जॉर्जच्या छापाचं पहिल्या महायुद्धाचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल सुमारे ६५ लाख लोकांना दिलं गेलं. ते शौर्यपदक नाही, युद्धात सेवा केल्याचं मेडल आहे. त्याला लाखो रुपये कोण देणार? शिवाय १०० वर्षं उलटलेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्यात येते. ती आपल्या मनाने देशाबाहेर पाठवता येत नाही.

तांब्याचं नकली, हे तर साफ उलटं आहे. तेच मेडल ब्राँझमध्येही निघालं, आणि तेही जेमतेम १ लाख १० हजार. ते मिळालं लेबर कोअरच्या मजुरांना आणि पलटणीसोबत पाणी वाहणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बिगरलढाऊ माणसांना. युद्ध एकच, पण बंदूकवाल्याला चांदी आणि पखालवाल्याला ब्राँझ. आज ज्याला नकली म्हणून फेकायला निघालात, ते चांदीच्या मेडलपेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे. माझ्या संग्रहातलं सगळ्यात जपलेलं मेडल असंच ब्राँझचं आहे.

आता घासण्याबद्दल. मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पहिल्या महायुद्धाच्या या मेडलाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत मजकूर ठोकलेला असतो: शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव, पलटण. दुसऱ्या महायुद्धाच्या मेडलांवर कधी नाव असतं, कधी नसतं. राजाचा मुखवटा सगळ्यांवर सारखाच, माणूस सापडतो तो कडेवर. दिग्रसजवळच्या एका घरात आजीने मेडल काळ्या दोऱ्यात ओवून नातवाच्या गळ्यात बांधलं होतं. दर दिवाळीला चिंच आणि राख लावून ते घासलं जायचं. मी भिंग लावून पाहिलं तर नुसता नंबर उरला होता. त्या काळी नंबर प्रत्येक पलटणीचे वेगवेगळे असत. एकच नंबर कितीतरी पलटणींत सापडतो. पलटणीचं नाव पुसलं गेलं की नंबर मुका होतो. आजींना वडिलांचं नाव ठाऊक होतं, पण ते कुठल्या मुलखात लढले, हे सांगणारी अक्षरं घरातल्याच हातांनी गेली. मऊ कोरड्या कापडाने धूळ पुसा, त्यापुढे काहीही करू नका.

नोंद कुठेच नाही, हा गैरसमज बहुतेक एका चुकीतून आला असावा. लोक कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकतात आणि मिळालं नाही की थांबतात. तिथे फक्त युद्धकाळात मेलेल्यांची नावं आहेत. जो जिवंत परतला, शेती केली आणि म्हातारा होऊन गेला, तो तिथे कसा सापडेल? त्याच्यासाठी डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस असे रस्ते आहेत. आणखी एक अडचण: १९२२ मध्ये पलटणींचे नंबर बदलले. कडेवर ११७ मराठा असेल तर ती पुढे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन झाली. जुन्या नावाने अर्ज केला तर उत्तर न येण्याचीच शक्यता जास्त.

राहिला चाकरीचा मुद्दा. हे वाक्य मला लागलं, कारण ते आमच्या भागातल्या कितीतरी घरांना लागतं. महारांची भरती इंग्रजांनी बंद केली, गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये ‘१११ महार’ नावाची पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या मागणीचा पाठपुरावा केला म्हणून. पहिली बटालियन बेळगावला, दुसरी १९४२ मध्ये इथे विदर्भात, नागपूरजवळच्या कामठीला. सुरुवातीच्या बिल्ल्यावर भीमा कोरेगावचा स्तंभ होता. ज्यांना गावात पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांनी ही वर्दी हक्काने मिळवली. याला चाकरी म्हणायचं?

उमरखेडकडच्या एका घरात मी एकाच पट्टीवर दोन मेडलं पाहिली: राजाच्या छापाचं १९३९-४५ चं वॉर मेडल आणि शेजारी स्वतंत्र भारताचं सामान्य सेवा पदक १९४७, त्याच्या फितीवर जम्मू-काश्मीर लिहिलेला छोटा धातूचा तुकडा. माणूस एकच. मेसेज वाचून मुलाने पहिलं काढून विकायला ठेवलं होतं. दोन्ही कडांचे फोटो काढून आम्ही नंबर लिहून घेतला आणि महार रेजिमेंटच्या सागरच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवला. उत्तर अजून यायचंय. मेडल पुन्हा पट्टीवर लागलंय.