दुरुस्ती वेगळी, नवलाई वेगळी

"तुमच्यासारख्यांमुळेच हे कॉम्प्युटरचे किडे जगभर पसरतात, अण्णा," असं ताई म्हणाली आणि कट्टा तापला.

अण्णा सहज बोलून गेले होते की कॉम्प्युटर अपडेट करणं त्यांनी केव्हाच सोडलंय. सूचना आली की 'नंतर' दाबायचं आणि कामाला लागायचं. अण्णा हिशेब लिहिण्याचं काम करतात. ताई सर्व्हर सांभाळते, म्हणजे पॅच, अर्थात चोराला आत शिरता येईल अशी सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या, टाकणं हा तिचा रोजचा धंदा. दोघांचं जमणं कठीणच होतं.

"मला हौस नाही आलेली," अण्णा म्हणाले. "मागे रात्री अपडेट झालं आणि सकाळी हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडलं, तर छापायचं बटण जागेवर नाही. वरच्या पट्टीत डोळे मिटून सापडायचं ते. आता तीन आडव्या रेघा दाबा, त्यात 'शेअर'मध्ये जा, तिथे खाली 'प्रिंट'. बरं, छापलं तर रकमेचा रकाना अर्धा कागदाबाहेर. दारात माणूस उभा आणि मी मार्जिन शोधतोय. हे बदला म्हणून मी कुणाला सांगितलं होतं? गळका नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसानं जाताना मांडणीवरची सगळी भांडी इकडची तिकडे करून ठेवावी, तसं झालं हे. पुढच्या वेळी त्याला दारातूनच परत पाठवणार ना मी?"

"आणि नळ गळत राहिला तर?"

"गळू दे. भांडी तरी सापडतील."

मग ताईने २०१७ काढलं. वॉनाक्राय नावाचा किडा, फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा. विंडोजमध्ये फाइल शेअर करण्याच्या जुन्या सेवेत एक भोक होतं. त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिला होता. एप्रिलमध्ये त्या भोकातून आत शिरायचं हत्यार फुटून इंटरनेटवर आलं. ते अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याने स्वतःसाठी जपून ठेवलेलं होतं. १२ मे रोजी किडा सुटला. जवळजवळ दोन महिने औषध हाताशी होतं, पण लोकांनी ते घेतलं नव्हतं. जगभरात दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरवरच्या फाइली कुलूपबंद झाल्या. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांतल्या हजारो तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द झाल्या.

"आणि कुणीही कुठल्याही लिंकवर क्लिक केलं नव्हतं," ताई म्हणाली. "मी काही उघडत नाही, मला काही होणार नाही, असं म्हणता ना तुम्ही? नेटवर्कवर एक मशीन लागलं की ते शेजारचं शोधतं, तिथे तेच भोक असलं की आत. तुमचं 'नंतर' तुमच्यापुरतं राहत नाही, अण्णा."

कट्ट्यावरच्या मास्तरांना वाटत होतं की तो फटका जुन्या विंडोज एक्सपीवाल्यांना बसला. ताईने ते खोडलं. लागण झालेली बहुतेक मशीनं विंडोज ७ ची होती. विंडोज ७ तेव्हा सपोर्टमध्ये होतं, म्हणजे कंपनी त्याच्या दुरुस्त्या देत होती, आणि त्याचा पॅच फुकट मिळत होता.

अण्णा गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. "मग १९ जुलै २०२४ ला काय झालं? तेव्हा तर ज्यांनी अपडेट घेतलं त्यांचीच मशीनं पडली की नाही?"

"ते विंडोजचं अपडेट नव्हतं," छोट्या मध्ये पडला. "क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीची फाइल होती ती."

"माझ्या दृष्टीने सगळं एकच. न विचारता आलं आणि मशीन निळं पडलं."

छोट्याने मग सगळं उलगडून सांगितलं, आणि तेही नीट. त्या सॉफ्टवेअरला नवे हल्ले ओळखता यावेत म्हणून कंपनी छोट्या फाइली पाठवत राहते. त्या दिवशीच्या फाइलीप्रमाणे एकवीस रकाने वाचायचे होते आणि प्रोग्रामकडे माहिती होती वीस रकान्यांची. एकविसावा वाचायला तो गेला ती जागा त्याची नव्हतीच. हे सॉफ्टवेअर चालतं सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, त्यामुळे त्याच्याबरोबर सगळी विंडोजच कोसळली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीनं बंद पडली. कंपनीने चुकीची फाइल सव्वा तासात मागे घेतली, पण मशीन चालू होता होताच पुन्हा कोसळत असेल तर दुरुस्त फाइल आत यायची कशी? माणसांना एकेका मशीनसमोर बसावं लागलं. सेफ मोडमध्ये जायचं, ड्रायव्हरच्या फोल्डरमधली ती एक फाइल हाताने पुसायची, पुन्हा चालू करायचं. डिस्क एन्क्रिप्शनने कुलूपबंद केलेली असेल तर आधी अठ्ठेचाळीस आकडी किल्ली शोधून ती टाइप करायची. असं शेकडो मशीनपुढे.

मला खरी खटकलेली गोष्ट ताईने पुढे सांगितली. काही कंपन्या इतक्या सावध होत्या की त्या सॉफ्टवेअरची अगदी ताजी आवृत्ती त्या घेतच नसत, मुद्दाम एक पायरी मागे राहत. पण हा नियम मुख्य सॉफ्टवेअरला लागू होता, त्या छोट्या फाइलींना नव्हता. काळजी घेणाऱ्यांनाही त्या फाइली थोपवायची सोय नव्हती. ती सोय कंपनीने दिली ती सगळं होऊन गेल्यावर.

इथे मी तोंड उघडलं. मला दोघांचंही पटत होतं आणि म्हणूनच रागही येत होता. ताई बोलत होती भोक बुजवण्याबद्दल, अण्णा बोलत होते बटण हलवण्याबद्दल. ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत. पहिलं झालंच पाहिजे, ताबडतोब आणि सगळीकडे. दुसरं माझ्या मर्जीने, माझ्या सवडीने व्हावं. ती एकाच पुडीत बांधून 'घ्यायचं तर सगळं घ्या' म्हणणं हे लबाडीचं आहे. त्या पुडीला कंटाळून जो माणूस 'नंतर' दाबतो त्याला अडाणी ठरवणं तर सरळ अन्याय आहे.

"एकत्र बांधण्याला कारण आहे," ताई म्हणाली. "२०१६ च्या ऑक्टोबरपर्यंत विंडोज ७ वर एकेक पॅच निवडून टाकता यायचा. हा हवा, तो नको. त्यामुळे झालं काय, की दोन मशीनं एकसारखी म्हणून सापडेनात. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं. कंपनीने चाचणी घ्यायची कुठल्या मिश्रणावर? म्हणून महिन्याचा एक गठ्ठा केला. बरोबरच केलं."

"भोकांचा गठ्ठा करा, माझी हरकत नाही. त्यात नवलाई कशाला?"

"मोठी आवृत्ती वेगळीच येते की, वर्षातून एकदा."

"येते. पण विंडोज ११ मध्ये नव्या सोयी महिन्याच्या गठ्ठ्यातूनही झिरपतात. आधी बंद अवस्थेत येतात, मग हळूहळू कुणाच्या मशीनवर चालू होतात, कुणाच्या नाही. शेजारी शेजारी बसलेल्या दोघांचा मेन्यू वेगळा दिसतो आणि का, ते दोघांनाही ठाऊक नसतं."

ताईने मान हलवली. तिलाही हे छळतच असणार, दिवसभर लोकांचे फोन तिलाच येतात.

मग मी विंडोज १० च्या सुरुवातीच्या दिवसांची आठवण करून दिली. जुलै २०१५ मध्ये ते आलं, पहिलं वर्षभर फुकट होतं, आणि 'घ्या, घ्या' म्हणणारी खिडकी लोकांच्या पडद्यावर येत राहिली. तिथवर ठीक. पण २०१६ च्या मे महिन्यात त्या खिडकीच्या कोपऱ्यातली लाल फुली दाबली तरी बदलाची ठरलेली वेळ रद्द होईनाशी झाली. खिडकी फक्त बंद व्हायची आणि वेळ आली की नवी विंडोज बसायला लागायची. फुली म्हणजे 'नको', हे माउस हातात धरल्यापासून प्रत्येकाने शिकलेलं. कंपनीच्या मार्केटिंगप्रमुखाने नंतर मान्यही केलं की त्या काळात आपण मर्यादा ओलांडली. पण तोवर कितीतरी लोकांनी अपडेटच बंद करून टाकली होती, त्यात सुरक्षेचीही गेली. पुढच्याच मे महिन्यात वॉनाक्राय आला. या दोन गोष्टींचा किती संबंध होता ते मोजायला माझ्याकडे काही नाही, पण विश्वास घालवला की पॅचही नाकारला जातो, एवढं समजायला मोजमाप कशाला हवं?

मास्तरांनी फोनचा विषय काढला. ॲपलने जानेवारी २०१७ च्या एका अपडेटमध्ये बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग मुद्दाम कमी करायची सोय घातली. कारण खोटं नव्हतं. थकलेल्या बॅटरीला अचानक जास्त वीज मागितली की ती पुरत नाही आणि फोन पटकन बंद पडतो. पण हे लोकांना उघडपणे कळलं डिसेंबरमध्ये, बाहेरच्या माणसांनी वेग मोजून आकडे मांडल्यावर. "मला सांगितलं असतं ना, की बॅटरी बदला, फोन पूर्ववत होईल, तर मी बॅटरी बदलली असती," मास्तर म्हणाले. "लोक नवा फोन घेऊन मोकळे झाले." फ्रान्सने ग्राहकांना न सांगितल्याबद्दल २०२० मध्ये २ कोटी ५० लाख युरो दंड केला. दंड वेग कमी केल्याचा नव्हता, गप्प बसल्याचा होता.

छोट्याचं म्हणणं, आता दिवस पालटलेत. पिक्सेल ८ पासून गूगल सात वर्षांची अपडेट देतं, गॅलेक्सी एस २४ पासून सॅमसंगही. त्यावर मास्तरांचा प्रश्न होता, मग १४ ऑक्टोबर २०२५ चं काय? त्या दिवशी विंडोज १० चा सपोर्ट संपला. चालू, धडधाकट मशीनं एका तारखेला असुरक्षित ठरली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ही पिढी आली २०१७ मध्ये. त्याआधीचं मशीन असेल तर सरळ दार बंद.

टीपीएमची बाजू ताईने घेतली आणि ती योग्यच होती. किल्ल्या वेगळ्या चिपमध्ये राहतात, चोरणं अवघड होतं. "पण ती चिप असूनही जुन्या प्रोसेसरमुळे नाकारलेली मशीनं आहेतच की," मी म्हटलं. मुदतवाढीचं वर्ष जाहीर झालं, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तेही कुठे ३० डॉलर भरून, कुठे कंपनीचं खातं जोडून. म्हणजे जुन्या विंडोजची भोकं बुजवणं तांत्रिकदृष्ट्या जमत होतंच. मग प्रश्न उरतो इच्छेचा आणि पैशाचा.

"पैशाला हलकं समजू नकोस," ताई म्हणाली, आणि तिचं सगळ्यांत वजनदार बोलणं इथे आलं. "प्रत्येक जुनी आवृत्ती म्हणजे प्रत्येक भोकासाठी पुन्हा एकदा काम. नव्या कोडमधली दुरुस्ती जुन्यात तशीच बसत नाही, ती तिथे नव्याने शिवावी लागते, पुन्हा तपासावी लागते. डेबियन ही लिनक्सवरची मुक्त सिस्टिम बनवणारे हे करतात म्हणून त्यांच्याबद्दल मला आदर आहे. आवृत्ती एकदा स्थिर झाली की शक्यतो नव्या सोयी घालायच्या नाहीत, फक्त भोकं बुजवायची. तुला हवं तेच. पण लिनक्सच्या गाभ्याचंच बघ. दीर्घ मुदतीचा सपोर्ट सहा वर्षांवरून दोन वर्षांवर आणायचं २०२३ मध्ये ठरलं, कारण सांभाळणारी माणसं थकली होती. जुन्या शाखा वापरणारेही फार नव्हते."

हे ऐकून मी थोडा वेळ काही बोललो नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मोजकी माणसं जगाचा भार वाहतात, त्यांच्याकडे बोट दाखवायची माझी इच्छा नाही. पण ज्यांनी माल विकून नफा घेतला त्यांना हे कारण लागू पडत नाही, आणि युरोपच्या नव्या कायद्यात नेमकं हेच आलंय. सायबर रेझिलियन्स ॲक्ट डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला, त्याच्या मुख्य जबाबदाऱ्या डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. वस्तू त्याआधीच निकामी होणार नसेल तर निदान पाच वर्षं सपोर्ट द्यायचा आणि सुरक्षेची अपडेट नव्या सोयींच्या अपडेटपासून वेगळी द्यायची, असं त्यात लिहिलंय.

"'तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे' असंही लिहिलंय," ताई म्हणाली. "सगळे तिथूनच निसटतील."

छोट्याने त्याहून अवघड प्रश्न टाकला. "सुरक्षा कुठली आणि सोय कुठली, हे ठरवायचं कुणी? वॉनाक्राय ज्या जुन्या सेवेतून आला ती पुढे नव्या विंडोजमध्ये आपोआप बसवणंच बंद केलं. ही शुद्ध सुरक्षा. पण ज्यांचा जुना स्कॅनर त्याच सेवेने फोल्डरमध्ये फाइल टाकायचा, त्यांचा स्कॅनर मुका झाला. दुरुस्तीही तीच, मोडतोडही तीच."

यावर कुणाकडे चटकन उत्तर नव्हतं. माझ्या मांडणीतली ही खरी अडचण आहे. दुरुस्ती आणि नवलाई यांच्यामधली रेघ बहुतेक ठिकाणी स्वच्छ दिसते, पण काही ठिकाणी दिसतच नाही.

अण्णा मात्र शांतपणे म्हणाले, "मोडणार असेल तर मोडा, पण आधी सांगा. दोन ओळी लिहा. कुठलं भोक होतं, आणि ते बुजवल्यावर माझं काय चालेनासं होईल. मी माझा स्कॅनर बघून घेईन. तुम्ही लिहिता काय? 'विविध सुधारणा करण्यात आल्या आहेत.' हे वाचून मी माझं चालू मशीन तुमच्या हवाली का करू?"

ताईने पहिल्यांदाच वाद घातला नाही. मोठ्या कंपन्या भोकांच्या सविस्तर याद्या देतात, क्रमांकासकट, हे तिने सांगितलं, पण त्या याद्या तिच्यासारख्यांसाठी असतात हेही कबूल केलं. फोनवरच्या ॲपांना तर तेवढंही लिहायची गरज वाटत नाही. अण्णांच्या दोन ओळी तिला तिच्या कामातही हव्या आहेत. सर्व्हरवर पॅच टाकायच्या आधी ती स्वतः तेच दोन प्रश्न विचारते आणि उत्तर शोधण्यात तिची संध्याकाळ जाते.

उठता उठता दोघांत एवढं ठरलं. आधी बाहेरच्या डिस्कवर पूर्ण बॅकअप, आणि त्यातली एक फाइल परत उघडून बघायची. मग सिस्टिमची थकलेली सगळी सुरक्षा अपडेट, ताई शेजारी बसलेली असताना. हिशेबाच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती मात्र वर्षाचे हिशेब बंद होईपर्यंत घ्यायची नाही, अशी अण्णांची अट. ताईने फक्त विचारलं की ते सॉफ्टवेअर इंटरनेटला जोडलेलं असतं का. अण्णा नाही म्हणाले, तेव्हा तिने ती अट मान्य केली.