पोलिसांचा वायरलेस ‘दीड हजारात’: एका फॉरवर्डचा पंचनामा

सिंहस्थाची तयारी सुरू झाल्यापासून नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: दीड हजारांचं डोंगल (लॅपटॉपच्या यूएसबीत खोचायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) किंवा चिनी वॉकीटॉकी घ्या आणि घरबसल्या पोलिसांचा वायरलेस ऐका. नवे संच एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय बोलणं कळू न देणारे, असले तरी सॉफ्टवेअर ते अर्ध्या तासात फोडतं. नुसतं ऐकणं गुन्हा नाही, अमेरिकेत सगळे ऐकतात. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स काढलं की प्रश्नच मिटला. एन्क्रिप्शन आणलंय ते कुंभातल्या भानगडी झाकायला. आणि या सगळ्यात स्कॅनरचा, म्हणजे रेडिओवर चॅनल धुंडाळून ऐकण्याचा, छंद मात्र मेला.

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, एकावर गंभीरपणे बोलायला हवं, आणि दोन वाक्यं माणसाला थेट कोर्टाच्या पायरीवर नेऊन सोडतील. पोलिसांच्या फ्रिक्वेन्सी इथे दिलेल्या नाहीत, देणारही नाही.

दावा १: डोंगल लावलं की ऐकू येतं

मोबाइलवरची ‘पोलीस स्कॅनर’ ॲप्स आधी बाजूला काढू. फोनमध्ये त्या लहरी पकडणारा रिसीव्हरच नसतो. फार तर एफएमची चिप असते, ती १०८ मेगाहर्ट्झला थांबते. ॲपमधून ऐकू येतं ते परदेशात कुणीतरी स्वतःचा स्कॅनर इंटरनेटला जोडून ठेवलेला असतो, त्याचं. गंगापूर रोडवर बसून ओहायोतल्या चोऱ्या ऐकायच्या असतील तर खुशाल ऐका.

चिनी वॉकीटॉकीची गोष्ट वेगळी आणि जास्त वाईट. स्वस्तातले बहुतेक संच ॲनालॉग एफएम असतात. डिजिटल सिग्नलवर त्यातून फक्त एकसुरी घर्रर्र येते, एन्क्रिप्शन असो वा नसो. शिवाय तो नुसता रिसीव्हर नाही. खिशात बाजूचं बटण दाबलं गेलं की चार-पाच वॅटचा ट्रान्समीटर सुरू होतो, आणि तेही ज्या चॅनलवर कान लावून बसला होता नेमक्या त्याच चॅनलवर. आपल्याकडे लायसन्सशिवाय चालतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे संच. बाकीचे विनापरवाना ऑनलाइन विकले जातात म्हणून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ मध्ये खास मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या.

डोंगल मात्र खरा रिसीव्हर आहे. आत आरटीएल २८३२ यू ही चिप आणि आर ८२० टी २ हा ट्यूनर. आवाका साधारण २४ ते १,७६६ मेगाहर्ट्झ, एका वेळी स्क्रीनवर दिसणारा पट्टा सुमारे २.४ मेगाहर्ट्झ. पण ‘लावलं की’ हे दोन शब्द खोटे. सिग्नलचे आकडे करणारा भाग फक्त ८ बिटांचा असल्यामुळे एखादं जोरदार स्टेशन शेजारी असलं की बारीक सिग्नल गुदमरतात. नाशिक शहरात पहिला अडथळा असतो एफएमचाच. नवखा माणूस गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) सरळ ४९.६ डेसिबलवर, म्हणजे टोकाला, नेतो. मग आकाशवाणीचं १०१.४ आणि ९८.३ वरचं खाजगी स्टेशन यांची आतल्या आत मिसळ होते आणि १०४.५ वर नसलेल्या स्टेशनचं एक भूत उभं राहतं (१०१.४ ची दुप्पट वजा ९८.३, हिशेब करून बघा). पट्ट्यातल्या खरखरीचा तळही सगळीकडे वर उचलला जातो. गेन २५ ते ३० पर्यंत उतरवा. भूत गेलं आणि खरं स्टेशन राहिलं, तर दोष गेनचाच होता. तरीही त्रास राहिला तर अँटेना आणि डोंगलच्या मध्ये ८८ ते १०८ अडवणारा फिल्टर लावा.

दुसरी अडचण फ्रिक्वेन्सी घसरण्याची. साध्या डोंगलची फ्रिक्वेन्सी ठरवणारं स्फटिक दहा लाखांत ५० भाग इकडेतिकडे असू शकतं. १४५ मेगाहर्ट्झला ही चूक होते सव्वासात किलोहर्ट्झ, म्हणजे साडेबारा किलोहर्ट्झच्या चॅनलमध्ये अर्ध्याहून जास्त. ॲनालॉग बोलणं तरी फाटकंतुटकं ऐकू येतं, डिजिटल डीकोडर (बिटांचा पुन्हा आवाज करणारं सॉफ्टवेअर) ढिम्म हलत नाही. वीस मिनिटं गरम होऊ द्या, मग माहितीच्या स्टेशनवर पीपीएम (दहा लाखांत किती भाग चूक आहे तो आकडा) जुळवा. डोंगल लॅपटॉपला चिकटवून न ठेवता मीटरभराच्या यूएसबी वायरने लांब घ्या, आणि त्याच बोर्डावरचा स्वस्त एलईडी बल्ब बंद करून वॉटरफॉलवरच्या (स्क्रीनवर सिग्नल वरून खाली सरकत दाखवणाऱ्या चित्रावरच्या) उभ्या रेघा किती कमी होतात ते पाहा.

एवढं सगळं जमवूनही पोलिसांचं बरंच काम आवाजात होतच नाही. ११२ ला केलेला फोन नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात घेतला जातो आणि तिथून घटनेचा तपशील गाडीतल्या डेटा टर्मिनलवर पाठवला जातो. तिथे स्कॅनरला ऐकण्यासारखं काही उरतच नाही.

दावा २: एन्क्रिप्शन म्हणजे खरखर, ती सॉफ्टवेअरने जाते

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची भेळ झाली आहे: चुकीच्या गेनची खरखर, डिजिटल सिग्नल आणि कुलूप घातलेला, म्हणजे एन्क्रिप्टेड, डिजिटल सिग्नल.

डिजिटल म्हणजे एन्क्रिप्टेड नव्हे. डीएमआर, पी २५ किंवा टेट्रा या डिजिटल वायरलेसच्या पद्धतींत आवाजाचे २० ते ३० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून त्यांचे बिट पाठवतात. कुलूप नसेल तर डीकोडर ते बिट पुन्हा आवाजात बदलतो. फॉरवर्डसोबतच्या व्हिडिओंमध्ये ‘फुटलं’ म्हणून दाखवतात ते एवढंच असतं. तिथे कुलूप नव्हतंच, नुसतं दार लोटलेलं होतं.

कुलूप असेल तेव्हा काय दिसतं ते जवळून पाहू. पी २५ मध्ये बोलण्याच्या सुरुवातीला आणि पुढे दर ३६० मिलिसेकंदांनी तीन गोष्टी उघड्यावर पाठवल्या जातात: कुठल्या जातीचं कुलूप, कितव्या नंबरची किल्ली (कुलूप उघडणारा गुप्त आकडा), आणि त्या वेळचा सुरुवातीचा आकडा. डीकोडरच्या खिडकीत कुलपाचा कोड ८० दिसला तर मामला उघडा, ८१ म्हणजे डीईएस हे ५६ बिटांच्या किल्लीचं जुनं कुलूप, ८४ म्हणजे एईएस-२५६ हे २५६ बिटांचं. किल्लीचा नंबर म्हणजे किल्ली नव्हे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. लॉकरचा नंबर कळला म्हणून लॉकर उघडत नाही. अशा वेळी डीकोडरला गप्प राहायला सांगितलं नाही, तर तो ते गोंधळलेले बिटच आवाज समजून वाजवतो. अरुंद तोंडाच्या कळशीतून पाणी ओतल्यासारखी गुडगुड येते, तालही बोलण्यासारखाच असतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की अजून थोडी खटपट केली की शब्द लागतील. ते कधीच लागत नाहीत.

फोडण्याचा हिशेब कागदावर होतो. सेकंदाला एक कोटी किल्ल्या तपासणारं यंत्र आहे असं धरू. ४० बिटांच्या किल्ल्या सुमारे १ लाख १० हजार कोटी, त्या सगळ्या तपासायला साडेतीस तास. ५६ बिट म्हणजे त्याच्या ६५,५३६ पट, सव्वादोनशे वर्षांच्या वर. २५६ बिटांना किल्ल्यांची संख्याच ७८ अंकी होते, तिथे यंत्र कोटीपट वेगवान केलं तरी फरक पडत नाही.

फॉरवर्डचं अर्धं खरं वाक्य इथेच आहे. काही कुलपं खरोखर कच्ची असतात. डीएमआरच्या सर्वांत साध्या ‘बेसिक प्रायव्हसी’त किल्ल्या फक्त २५५. आणि टेट्रामधलं टीईए १ हे कुलूप कागदावर ८० बिटांचं, पण आतून किल्ली ३२ बिटांपर्यंत आखडलेली निघाली. नेदरलँड्सच्या मिडनाइट ब्लू या संशोधकांनी २०२३ मध्ये ते जाहीर केलं. वरच्याच यंत्राला तेवढ्या किल्ल्या तपासायला सव्वासात मिनिटंही लागत नाहीत. पण यावरून ‘एन्क्रिप्शन फुटतं’ असं म्हणणं म्हणजे एक पत्र्याचं कुलूप तुटलं म्हणून बँकेची तिजोरी तुटते असं म्हणणं. आणि कच्चं कुलूप तोडणं हीसुद्धा घरफोडीच, ते कसं ते पुढच्या मुद्द्यात.

जाता जाता: ‘एन्क्रिप्शनमुळे रेंज घटते’ हे पोलीस दलांमध्येही ऐकू येतं. आजच्या पद्धतींत एक बिट चुकला तर उघडल्यावरही एकच बिट चुकलेला असतो. रेंजच्या टोकाला आवाज धाडकन तुटतो तो डिजिटल असल्यामुळे. जुन्या काही कुलपांत एक चूक पुढच्या अनेक बिटांना नासवायची, तिथून ही समजूत आलेली आहे.

दावा ३: नुसतं ऐकणं गुन्हा नाही

अमेरिकेत १९८६ चा संघराज्य कायदा जनतेला सहज मिळू शकणारा, कुलूप नसलेला पोलीस रेडिओ ऐकायला मुभा देतो. तरीही तिथल्या काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवायला बंदी आहे. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याचं ४८ वं कलम असं ऐकणं गुन्हाच ठरवतं.

आपल्याकडे मुभा कधीच नव्हती. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात दुसऱ्याचा संदेश बेकायदा जाणून घेण्याचा प्रयत्न हाच गुन्हा होता, आणि १९३३ च्या वायरलेस कायद्याने यंत्र नुसतं बाळगायलाही परवाना मागितला. त्यांची जागा घ्यायला आलेल्या २०२३ च्या दूरसंचार कायद्याचं ४२ वं कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे: बेकायदा संदेश टिपला तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कुलूप होतं की नव्हतं, कच्चं होतं की पक्कं, असा भेद त्या वाक्यात नाही. म्हणजे ‘एन्क्रिप्शनने आमचा हक्क गेला’ ही अमेरिकेतली तक्रार जशीच्या तशी नाशिकला लावता येत नाही.

दावा ४: हॅमचं लायसन्स काढा, मग सगळं चालतं

नाही. हॅम परवाना मिळतो तो हौशी पट्ट्यांसाठी, उदाहरणार्थ १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. परीक्षा दिल्यावर तर उलट बंधनं वाढतात: आपल्यासाठी नसलेलं बोलणं बाहेर सांगायचं नाही, आणि स्वतःच्या बोलण्याचा अर्थ लपवण्यासाठी कुलूप घालायचं नाही. परीक्षेला वय फक्त १२ पूर्ण लागतं. शाळकरी मुलांना समजतं ते फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कळू नये, याचं नवल वाटतं.

दावा ५: कुंभातल्या भानगडी लपवायला एन्क्रिप्शन

हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. २७ ऑगस्ट २००३ ला इथल्याच सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. गर्दीत काय चाललंय हे वेळेवर कळावं ही लोकांची मागणी रास्तच आहे. शिकागोत २०२२ मध्ये पोलीस रेडिओला कुलूप लागलं तेव्हा पत्रकारांनी हाच आक्षेप घेतला. तिथे अर्ध्या तासाच्या उशिराने आवाज खुला करण्याची पद्धत आली, आणि तीही अपुरी म्हणून टीका झाली. आपल्याकडे मागणी करायचीच असेल तर अशी करावी: घटनेनंतर रेकॉर्डिंग किती काळ जपणार, ते कोण मागू शकेल.

पण रामकुंडावर प्रत्येकाच्या कानात पोलिसांचा चॅनल असावा, यातून काय होईल? एका घाटाचा रस्ता दहा मिनिटं थांबवा, एवढं अर्धवट ऐकून कुणी ‘पंचवटीत घाट बंद, पळा’ असा व्हॉइस मेसेज टाकला की झालं. ‘ध’ चा ‘मा’ व्हायला या राज्यात वायरलेसचीही गरज पडली नव्हती.

एन्क्रिप्शनविरुद्धचा खरा मुद्दा फॉरवर्डमध्ये आलेलाच नाही. बंदोबस्ताला बाहेरच्या जिल्ह्यांतून कुमक येते. प्रत्येक संचात तीच किल्ली त्याच नंबरच्या खणात भरलेली हवी. एका तुकडीत जुनी किल्ली राहिली तर ऐन गर्दीत त्या जवानाला शांतता किंवा गुडगुड ऐकू येते, आणि त्याला वाटतं कुणी बोलतच नाहीये. म्हणून किल्ली बदलल्यावर प्रत्येक संचावर बोलून तपासणी करावी लागते, आणि आणीबाणीसाठी कुलूप नसलेला एक चॅनल आधीच ठरवून ठेवावा लागतो.

पुराचीही भीती काहीजण घालतात. गंगापूर धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये जाहीर होतो, आणि पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते होळकर पुलावरून दिसतं. त्यासाठी वायरलेस चोरून ऐकावा लागत नाही.

दावा ६: छंद मेला

ज्यांचा छंद पोलिसांपुरताच होता, त्यांचा मेला असेल. सर्वांसाठी पाठवलेलं ऐकायला अजून भरपूर आहे. जुन्या लेखांतल्या नोआ या अमेरिकी हवामान उपग्रहांच्या मागे मात्र लागू नका. १५, १८ आणि १९ हे तिन्ही २०२५ मध्ये बंद झाले, तरी यूट्यूबवर त्यांचेच धडे आहेत. आता रशियाचे मेटिऑर-एम उपग्रह १३७.१ किंवा १३७.९ मेगाहर्ट्झवर हवामानाची चित्रं पाठवतात. त्यांच्यासाठीची अँटेना सोपी: ५३.४ सेंटिमीटरच्या दोन ॲल्युमिनियम कांड्या १२० अंशांत, आडव्या, व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. एक कांडी कोॲक्स केबलच्या मधल्या तारेला, दुसरी तिच्याभोवतीच्या जाळीला. कांड्यांची टोकं एकमेकांना टेकली तर काहीच येत नाही, म्हणून मध्ये प्लास्टिकचा टर्मिनल ब्लॉक घ्या. सॅटडम्प हे मोफत सॉफ्टवेअर बाकीचं करतं. सिडकोतल्या तीन मजली इमारतींच्या मध्ये अर्धंच चित्र मिळेल. त्यापेक्षा गच्चीवर, पाण्याच्या लोखंडी टाकीपासून दोन-तीन मीटर लांब उभे राहा आणि उपग्रह क्षितिजापासून किमान ३० अंश वर येणारी फेरी निवडा.