मधला तुकडा

लाकूड गोल फिरवून छिलायचं यंत्र, म्हणजे लेथ, घेतलं की माणूस लाकूड कातायला लागतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तो जोडण्या जमवायला लागतो. लाकूड अधूनमधून, जमलंच तर, फिरतं.

सगळ्याचं मूळ मोर्स टेपरमध्ये आहे. लेथच्या मागच्या, सरकत्या टोकाला टेलस्टॉक म्हणतात. त्याच्या पोटात एक निमुळतं भोक असतं, त्यात हत्याराचा तसाच निमुळता दांडा सारायचा. १८६३ साली पीळदार ड्रिलचं पेटंट घेणारे अमेरिकेतले स्टीफन मोर्स, त्यांच्या नावाचं हे माप. (तारायंत्रवाले मोर्स वेगळे. त्यांनी टिंबं आणि रेघा दिल्या, मनस्ताप दिला नाही.) उतार दर फुटाला साधारण पाच-अष्टमांश इंच, म्हणजे मधल्या रेषेपासून दीड अंशसुद्धा नाही. तो इतका बारीक असतो की दांडा आत घालून तळहाताने एक दणका दिला की घर्षणानेच घट्ट बसतो. ना स्क्रू, ना चावी. इतकी साधी, सुंदर गोष्ट बिघडवायची कशी? नंबर देऊन! शून्य ते सात अशी मापं आली, आणि प्रत्येकाचा उतार शेजाऱ्यापेक्षा केसभर वेगळा.

माझ्या जुन्या, छोट्या लेथचं सगळं सामान एक नंबरी. नवा लेथ दोन नंबरी. (तो रीतसर पावती घेऊन आणला आहे.) एक नंबरचा दांडा जाड बाजूला बारा मिलिमीटर, दोन नंबरचं भोक तोंडाशी पावणेअठरा. एक दुसऱ्यात टाकला तर विहिरीत पोहरा सोडल्यासारखा आत जातो. म्हणून मध्ये स्लीव्ह, म्हणजे एक पोकळ नळी, घालायची: बाहेरून दोन नंबर, आतून एक नंबर. बसते झकास. प्रश्न काढताना येतो.

टेलस्टॉकचं चाक पूर्ण मागे फिरवलं की आतला स्क्रू दांड्याच्या बुडाला ढकलतो आणि दांडा सुटतो, अशी मूळ योजना. स्लीव्ह मागून आरपार उघडी असेल तर स्क्रू तिला शिवतच नाही. तो थेट आतल्या दांड्याला ढुशी देतो. दांडा सुटतो, स्लीव्ह आत ठाण मांडून राहते. हेडस्टॉककडे, म्हणजे लाकूड फिरवणाऱ्या टोकाकडेही, तेच: मागून नॉकआउट बार नावाची सळई घालून ठोकावं, तर बार स्लीव्हमधून सरळ पलीकडे येतो आणि आपल्याकडे बघतो. स्लीव्ह मागून बंद, खाचवाली असेल तर उलटं. स्लीव्ह आणि दांडा हातात हात घालून बाहेर येतात, आणि मग त्यांना सोडवायला ड्रिफ्ट लागतो, म्हणजे खाचेत घालून ठोकायची एक चपटी पाचर. ती वेगळी घ्यावी लागते. स्लीव्हसोबत देत नाहीत. बहुधा तत्त्वाचा प्रश्न असावा.

या सगळ्या तयारीनिशी मी एका पटाशीला मूठ करायला घेतली. लाकूड हेडस्टॉकवरच्या चकमध्ये, म्हणजे जबड्यांच्या पकडीत, धरायचं, टेलस्टॉकमध्ये ड्रिल धरणारा ड्रिल-चक बसवायचा आणि मुठीच्या टोकात मधोमध भोक पाडायचं. भोकात पटाशीची शेपटी. झालं.

ड्रिल-चक आणि त्याचा दांडा यांच्यामध्ये आणखी एक टेपर असतो हे तेव्हा लक्षात येतं, जेव्हा चक दांड्यावरून सुटून पायाजवळ पडतो. हा टेपर, म्हणजे निमुळता जोड, ड्रिल-चकवाल्या जेकब्सचा. त्याचेही नंबर आहेत. दोनपेक्षा तेहतीस मोठा, तेहतीसपेक्षा सहा मोठा, आणि सहापेक्षा तीन मोठा. हे मी विनोद म्हणून लिहीत नाहीये, तक्त्यातच तसं छापलेलं आहे. ज्याने हे आकडे वाटले त्याच्याकडून कुणी हिशोब तपासून घेतला नसावा.

चक बसला. आता दांड्याच्या बुडाशी जी चपटी जीभ असते, टँग म्हणतात तिला, ती लांब असली की चाक जरा मागे येताच स्क्रूला टेकते आणि सगळं सुटतं. म्हणजे भोक पाडायला आधीच जेमतेम असलेली टेलस्टॉकची चाल आणखी कमी होते. त्यावर जाणकार सांगतात, टँग कापून टाका. कापली की चाल मिळते, पण मग स्क्रू बुडापर्यंत पोचत नाही आणि दांडा निघत नाही. त्यावर तेच जाणकार सांगतात, मागच्या आट्यात एक बोल्ट घाला. म्हणजे कापलेली टँग परत आणा, फक्त आता तिला षटकोनी डोकं असेल.

आट्यांचं तर विचारूच नका. काही दांड्यांना मागून तीन-अष्टमांश इंचाचे आटे, काहींना दहा मिलिमीटरचे. डोळ्यांना दोन्ही सारखेच. इंची बोल्ट मिलिमीटरच्या आट्यात घातला की छान जातो. दोनतीन फेरे सैलसर, खेळीमेळीने. मग अडतो. थोडा जोर लावावासा वाटतो तो नेमका तिथेच, आणि लावू नये तोही तिथेच. हेडस्टॉकच्या पुढच्या बाजूला, चक ज्यावर चढतो त्या फिरत्या स्पिंडलवर, आणखी वेगळी मापं: एक इंची स्पिंडलला इंचामागे आठ आटे, पाऊण इंचीला इंचामागे सोळा, तेहतीस मिलिमीटरवाल्याला साडेतीन मिलिमीटरचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. तिथेही जोडतुकडे मिळतात. एकेक तुकडा घालत गेलं की चक बेअरिंगपासून दूर दूर जातो आणि लाकूड थरथरायला लागतं. शिवाय चक काढायला जावं तर तुकडा स्पिंडलवर राहतो, आणि तुकडा काढायला जावं तर तो चकला चिकटून येतो. मध्ये प्लास्टिकची पातळ चकती घातली की सहज सुटतो म्हणतात. थोडक्यात, तुकड्यासाठी तुकडा.

भोक मात्र पडलं. भोकातून भुशाचा गरम पीळ बाहेर येत होता, जळक्या लाकडाचा वास सुटला होता, आणि भुसा झाडायला मी ड्रिल मागे घेतलं. ड्रिल लाकडात रुतलं होतं. ते जागचं हललं नाही, टेपर तेवढा सुटला, आणि ड्रिल-चक लाकडाबरोबर गरगर फिरायला लागला. म्हणूनच मागे घेताना डाव्या हाताने चक धरून ठेवायचा असतो. मी धरला होता, त्यामुळे फिरणारा चक मला बोटांना समजला, डोळ्यांना नंतर. हेडस्टॉकमध्ये ड्रिल-चक बसवणारे मागून ड्रॉबारने, म्हणजे एका लांब बोल्टने, आवळून घेतात तेही याचसाठी. नुसत्या टेपरच्या भरवशावर थरथरीत कुणी टिकत नाही.

लेथ बंद केला, भोक फुंकलं, पटाशी आणून शेपटी आत घातली. थोडी गेली आणि अडली. शेपटी निमुळती आहे. टोकाशी बारीक, वर जाड. कितव्या नंबरची, ते अजून कुठल्याच तक्त्यात सापडलेलं नाही.