ईव्हीच्या कूलंटमध्ये आरओचं पाणी घालायला सांगणारा मेसेज पुढं पाठवू नका

गेले काही दिवस बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ईव्हीला इंजिनच नाही त्यामुळं कूलंट, म्हणजे गाडी गार ठेवणारं द्रव, नावापुरतं असतं, लेव्हल उतरली तर आरओचं पाणी घाला, लीक असेल तर गळती आतनं बुजवणाऱ्या लीक स्टॉपची बाटली ओता, आणि शोरूमला नेऊ नका कारण तिथं लीक म्हटलं की बॅटरीच बदलायला लावतात. मी बेळगावच्या उद्यमबागेत गाड्यांचं काम करतो, आधी डिझेल आणि आता ईव्ही पण, आणि हा मेसेज वाचून प्रयोग केलेल्या दोन गाड्या माझ्याकडं आल्या म्हणून बसून लिहितोय.

इंजिन नाही हे खरं, पण उष्णता आहे की. मोटर तापते, बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणारा इन्व्हर्टर तापतो, आतला चार्जर तापतो आणि सगळ्यात नाजूक बॅटरी. जुन्या निसान लीफसारख्या काही गाड्यांची बॅटरी हवेवर गार होते, पण नेक्सॉन ईव्ही, एमजी झेडएस ईव्ही यांच्या बॅटरीला कूलंटच लागतं. पंप विजेवर चालतो त्यामुळं गाडी उभी राहून चार्ज होत असताना सुद्धा कूलंट फिरत असतं. गोव्याहून पाच माणसं आणि सामान घेऊन चोर्ला घाट चढून आलात आणि लगेच फास्ट चार्जरला लावलीत तर लेव्हल कमी असलेली गाडी पॉवर कापते, चार्जिंग हळू करते. ती बिघडलेली नसते, स्वतःला वाचवत असते.

आता आरओचं पाणी. पिण्याचं पाणी आणि कूलंटमधलं पाणी यात फार फरक आहे. घरच्या आरओत चवीसाठी थोडे क्षार ठेवलेलेच असतात, आणि क्षार आले की पाण्यातनं वीज वाहते आणि ॲल्युमिनियमच्या प्लेटला, जिच्यातनं बॅटरीखाली कूलंट फिरतं, बारीक खड्डे पडतात. कूलंट म्हणजे साधारण अर्धं ग्लायकॉल, अर्धं क्षार काढलेलं पाणी आणि गंज थांबवणारी रसायनं. आमच्याकडं बर्फ पडत नाही मग ग्लायकॉल कशाला, असं लोक विचारतात, पण पाणी ओतत गेलं की ती गंजविरोधी रसायनं पातळ होतात हे कुणी बघत नाही. ह्युंदाई, कियाच्या नव्या ईव्हीत तर मुद्दाम कमी वीज वाहणारं कूलंट असतं, त्यात साधं हिरवं मिसळलं की त्याचा उपयोगच संपला. रंग बघून घेऊ नका, मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घ्या.

आणि गळती किती गंभीर होऊ शकते ते २०११ सालीच दिसलंय. अमेरिकेच्या सरकारी सुरक्षा खात्यानं मे महिन्यात शेवरोले व्होल्टची खांबावर बाजूनं टक्कर घेऊन चाचणी केली, ही गाडी बॅटरी आणि पेट्रोल दोन्हीवर चालणारी, त्यात कूलंट बॅटरीत गळलं आणि नुसती उभी असलेली गाडी तीन आठवड्यांनी पेटली. २०१२ च्या जानेवारीत कंपनीनं बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत करायचं आणि कूलंटच्या टाकीला लेव्हल सेन्सर बसवायचं जाहीर केलं.

लीक स्टॉपबद्दल मात्र कळकळीनं सांगतो, ओतू नका. ते गळतीच्या भोकातच जाऊन बसेल याची खात्री काय? बॅटरीखालच्या प्लेटमधल्या वाटा अरुंद, चिलरमधल्या (एसीच्या गॅसनं कूलंट गार करणारा भाग) त्याहून अरुंद, गाळ तिथंच अडकतो. खानापूरकडच्या एका गुरुजींच्या गाडीत अख्खी बाटली गेली होती आणि गळती तशीच. खालचं कव्हर काढलं तर लाल मातीचा थर, काही दिसेना. धुतली, वाळवली, टाकीला हातपंप लावून झाकणावर लिहिलंय तेवढंच प्रेशर दिलं आणि वीस मिनिटं थांबलो. एका जोडाच्या खालच्या बाजूला थेंब धरला. जोड सोडवला तर ओ-रिंग, म्हणजे जोडातली रबरी कडी, फुगून मऊ पडलेली, खाचेत बसेना, कारण आधी कुणीतरी बसवताना साधं ग्रीस चोपडलं होतं. ती ओ-रिंग ईपीडीएम रबराची, तिला पेट्रोलियम ग्रीस चालत नाही, जोडताना कूलंटचाच ओला हात पुरतो. म्हणजे बिघाड एका ओ-रिंगचा होता आणि खर्च झाला सगळी लाइन धुण्याचा.

शोरूम बॅटरीच बदलायला लावतं ही भीती मला समजते, बॅटरीची किंमत ऐकून कुणाच्याही पोटात गोळा येतो. पण गळती बहुतेक वेळा बाहेरच असते, होस पाइप, क्लिप, ओ-रिंग, टाकीची चीर, पंप, नाहीतर दगड लागलेला पुढचा रेडिएटर. घरी तुम्ही एवढं करा: सकाळी गाडी गार असताना कूलंटच्या टाकीवर लेव्हलला मार्करनं रेघ मारा, रात्री खाली पुठ्ठा पसरा. स्वच्छ पाणी पडलं तर ते बहुतेक एसीचं, त्यासाठी घाबरून गाडी आणू नका. रंगीत आणि बोटाला बुळबुळीत लागलं तर कूलंट. पावसाळ्यात सगळंच ओलं असतं त्यामुळं वाळल्यावर जोडाभोवती राहिलेला रंगीत थर शोधा. बाहेर काहीच नाही आणि रेघ उतरतेच आहे, तर चिलर किंवा बॅटरीच्या आतला संशय धरायचा. त्यात डॅशबोर्डवर इन्सुलेशनची, म्हणजे वीज बाहेर झिरपत असल्याची, वॉर्निंग आली तर गाडी चालवायची नाही, चार्जला लावायची नाही, टो करूनच न्यायची. नारिंगी केबलना तर हात लावूच नका, ते काम हाय व्होल्टेजचं ट्रेनिंग आणि हातमोजे असलेल्याचंच.

जोड बदलला की काम संपलं असंही नाही. आत हवा अडकते, ती व्हॅक्यूमनं किंवा स्कॅनरवरनं पंप चालवून काढावी लागते, म्हणून रिपेअरनंतर एकदा लेव्हल थोडी उतरली तर लगेच पुन्हा लीक समजू नका. रोज उतरली तर या. आणि सांडलेलं कूलंट उघड्यावर ठेवू नका, ते गोडसर असतं, कुत्री चाटतात आणि मरतात, लहान पोरांनाही तेवढंच विषारी. भुसा टाकून टिपून घ्या, गटारात सोडू नका.