ढाक्याची तार: ‘तटस्थ’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘तटस्थ’ या नावाने लिहिणारे वाचक, तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण पहिल्या दिवशी दिलं असतं तर ते मलाच नंतर वाचवलं नसतं.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. 1971 साली ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, अमेरिकेचे महावाणिज्यदूत असलेले आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पाकिस्तानी लष्कराच्या अत्याचारांवर आपलं सरकार गप्प आहे म्हणून, वॉशिंग्टनला पाठवलेल्या निषेधाच्या तारेवर मी मागच्या आठवड्यात लेख लिहिला होता. त्यावर ‘तटस्थ’ म्हणतात: “लेख भाबडा आणि कथेकरी आहे. यजमान देशात उलथापालथ झाली की मुत्सद्द्याने आपल्या सरकारचं धोरण राबवायचं असतं, स्वतःची सदसद्विवेकबुद्धी मिरवायची नसते. त्या तारेने एकही जीव वाचला नाही. ती इतक्या हलक्या गोपनीयतेने पाठवली की खात्यात सगळीकडे फिरली. आणि ब्लड यांनी तिच्यावर सही केली असं तुम्ही लिहिता, ती त्यांनी केलेलीच नाही.”

सहीचं तुमचं बरोबर आहे. चूक माझी. 6 एप्रिल 1971 च्या त्या तारेखाली ढाक्यातल्या 20 अधिकाऱ्यांची नावं होती, ब्लड यांचं त्यांत नव्हतं. त्यांनी खाली स्वतंत्र मजकूर जोडला. ही मतं मलाही मान्य आहेत, पण मी या कचेरीचा प्रमुख असेपर्यंत या निवेदनावर सही करणं मला उचित वाटत नाही, असा त्याचा आशय. मूळ लेखातलं वाक्य मी दुरुस्त केलं आहे. मात्र ही चूक दाखवताना तुम्ही स्वतःच्याच म्हणण्याला छेद दिलात, तो तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही. ज्या माणसाला मिरवायचं असतं तो सहीचा मान सोडतो का?

आता त्याच शब्दाकडे येते. ‘मिरवणं.’ आपण दागिना मिरवतो, जावई मिरवतो, गणपतीपुढे लेझीम मिरवतो. मिरवायला बघणारे लोक लागतात. ढाक्यात बघायला कोण होतं? 25 मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कर शहरात घुसलं, विद्यापीठाच्या जगन्नाथ हॉल आणि इक्बाल हॉलमध्ये विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या. परदेशी वार्ताहरांना इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलात कोंडून लगेच देशाबाहेर काढलं. दोघंतिघं लपून राहिले तेवढेच. तारा तुटलेल्या, रस्त्यांवर संचारबंदी. अशा शहरातून बाहेरच्या जगाला खरं कळवू शकणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांच्यापैकी काही अमेरिकन कचेरीत बसली होती. 28 मार्चला ब्लड यांनी कळवलं की इथे निवडक वंशसंहार चालू आहे, अवामी लीग या बंगाली पक्षाच्या पाठीराख्यांना आणि हिंदूंना शोधून मारलं जातंय. त्या तारेत त्यांनी हेही लिहिलं की कित्येक बंगाली माणसं अमेरिकनांच्या घरी आसऱ्याला आली आहेत आणि बहुतेक जण तो देत आहेत. आपल्याच लोकांनी काय केलं तेही वरिष्ठांपासून लपवलं नाही. हे मिरवणं?

6 एप्रिलच्या तारेचा मजकूर तुम्ही वाचला असेल असं मी धरून चालते. त्यात आपल्याच सरकारसाठी ‘नैतिक दिवाळखोरी’ हा कडक शब्द आहे, खरं. पण शेवट कुठे येतो ते बघा. व्यावसायिक लोकसेवक म्हणून आम्ही चालू धोरणाशी असहमती नोंदवतो, आणि आपल्या देशाचं इथलं खरं, टिकाऊ हित ओळखून धोरण बदलेल अशी आशा करतो. देशाचं हित! राजीनामा नाही, पत्रकार परिषद नाही. ज्या असहमतीच्या मार्गाने ती तार गेली तो व्हिएतनामवरून खात्यात अस्वस्थता माजल्यावर त्यांच्याच परराष्ट्र खात्याने आखून दिलेला होता. दार सरकारनेच ठेवलेलं, आणि त्यातून आत गेला तो घुसखोर, असा तुमचा न्याय दिसतो.

त्याच दिवशी, 6 एप्रिलला, दिल्लीतल्या पाकिस्तानी वकिलातीतल्या के. एम. शहाबुद्दीन आणि अमजादुल हक या दोन बंगाली अधिकाऱ्यांनी पाकिस्तानची नोकरी सोडून बांगलादेशाची बाजू घेतली. बारा दिवसांनी कोलकात्यात उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी आपल्या बंगाली कर्मचाऱ्यांसह तेच केलं, कचेरीवर नवा झेंडा चढला. त्यांचा मार्ग वेगळा होता. त्यांचा देशच बदलत होता, म्हणून त्यांनी नातं तोडलं. ब्लड यांनी काहीच तोडलं नाही. खुर्चीत बसून, ज्याचा पगार घेतो त्यालाच, ठरलेल्या रस्त्याने खरं सांगितलं. यजमान देश पेटलेला असताना वकिलातीत बसलेल्या माणसाचं पहिलं काम तेच. धोरण ठरवणारा हजारो मैलांवर असतो. डोळे याचे असतात. डोळ्यांनीच वरच्याला आवडेल तेवढंच पाहायचं ठरवलं, तर धोरण राबवायचं तरी कशाच्या आधारावर?

तुमच्या ‘भाबडा’ या शब्दाने मला अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर आठवले. तेही राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याजवळ म्हणाले होते की ढाक्यातल्या आपल्या माणसाच्या नसा फारशा घट्ट नाहीत. खरं सांगणाऱ्याला आधी हळवा ठरवायचं, मग त्याचं म्हणणं वाचायची गरज उरत नाही. ही रीत जुनी आहे. तुम्ही ती माझ्यावर वापरलीत म्हणून मला लागलं, हे लपवत नाही.

मी हे पुस्तकं वाचून बोलत नाही. महसूल खात्यात कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. ऐंशीच्या दशकातल्या एका दुष्काळी वर्षी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात पैसेवारीचं, म्हणजे गावात पीक रुपयात किती आणे-पैसे आलं ते ठरवण्याचं, टेबल माझ्याकडे होतं. पीक कापणी प्रयोगांत सहा गावांची पैसेवारी चाळिशीच्या आत आली. वरून तोंडी निरोप आला: पन्नासच्या वर दाखवा. पन्नासच्या वर म्हणजे टंचाई नाही, म्हणजे त्या गावांना शेतसाऱ्यात सूट नाही. मी आरडाओरडा केला नाही, कुठल्या वार्ताहराला फोन केला नाही. टिपणीत लिहिलं, “प्रयोगाचे आकडे सोबत जोडले आहेत. यात बदल करावयाचा झाल्यास लेखी आदेश व्हावेत.” खाली तारीख घातली, सही केली. लेखी आदेश आला नाही. बदली आली, दोन महिन्यांत, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. धाकटी तेव्हा आठ महिन्यांची होती आणि सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. एस.टी.ने रोज साडेतीन तास जाऊन येऊन केलं सगळं. तेव्हाही एक जण म्हणाले होते, “बाई, तत्त्वं मिरवू नका.” शब्द तोच होता. म्हणून तुमच्या त्या एका वाक्यावर मी इतकं लिहिते आहे, आणि ते जास्त होत असेल तर होऊ द्या.

ब्लड यांनाही वॉशिंग्टनला बोलावून कर्मचारी विभागात बसवलं. राजदूतपद त्यांना कधीच मिळालं नाही. 1971 सालीच त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांनी त्यांना रचनात्मक असहमतीसाठी हर्टर पुरस्कार दिला, म्हणजे मुत्सद्द्याचं काम काय हे त्या पेशातल्या माणसांना तरी कळत होतं.

उरलेले मुद्दे. एकही जीव वाचला नाही, हे मला विचारू नका. ज्यांनी तार वाचली आणि बाजूला सारली त्यांना विचारा. महिनाभराच्या आत निक्सन यांनी स्वतःच्या हाताने शेरा मारला की पाकिस्तानचे लष्करी राष्ट्राध्यक्ष याह्या यांना सध्या पिळू नका. चीनच्या राजधानीकडे, पेकिंगकडे, जाणारा गुप्त रस्ता याह्यांच्या अंगणातून जात होता आणि जुलैत किसिंजर त्या रस्त्याने गेलेसुद्धा. तो शेरा ब्लड यांनी लिहिलेला नाही. गोपनीयतेच्या वर्गीकरणाचा तुमचा मुद्दा तांत्रिक आहे, त्यात तथ्य असेलही. लोक मारले जात असताना कागदावर कोणता शिक्का बसला यावर वाद घालायला मला वेळ नाही.

‘कथेकरी’ म्हणालात. माझे आजोबा खरोखर कथेकरी होते, गावोगाव हरिकथा करायचे. तो शब्द तुम्ही शिवी म्हणून वापरलात, मी तसा घेतला नाही.

यापुढे लिहायचं तर जरूर लिहा. चुका दाखवा, आज दाखवलीत तशी, मी दुरुस्त करेन. पण त्या 20 अधिकाऱ्यांनी मिरवलं हे तुम्हाला सिद्ध करायचं असेल, तर तारेतलं ते वाक्य काढून दाखवा. मी तो मजकूर ओळ न् ओळ वाचला आहे. त्यात मला तसं वाक्य सापडलं नाही.