‘बटण दाबलं की गाणं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘पेटीवाला निदान भाता तरी हलवतो, या सिंथ बँडवाल्यांनी बटण दाबलं, वाजवलं यंत्राने आणि खपवलं एमटीव्हीने,’ असं तुम्ही लिहिलंय. एमटीव्हीबद्दल तुमचं बरंचसं पटतं, बटणाबद्दल अजिबात नाही. (सिंथ म्हणजे सिंथेसायझर, विजेने सूर तयार करणारं वाद्य.)

ह्यूमन लीग या ब्रिटिश सिंथ बँडच्या ‘डेअर’ अल्बमसाठी (1981) निर्माते मार्टिन रशेंट यांनी रोलँड कंपनीचा एमसी-8 सीक्वेन्सर, म्हणजे आधी भरून ठेवलेले सूर सिंथकडून वाजवून घेणारं यंत्र, वापरला. त्याला पेटीसारख्या पट्ट्या नव्हत्या, कॅल्क्युलेटरसारखी आकड्यांची बटणं होती. प्रत्येक सुराला तीन आकडे द्यायचे: सूर कोणता, पुढचा सूर किती वेळाने येणार आणि हा किती वेळ वाजत राहणार. मात्रेचे 120 भाग धरले तर पाव मात्रेच्या सुराला 30 भाग मिळतात. त्यातले 15 भागच सूर वाजला तर बेस, म्हणजे खालच्या सुरांची धून, तुटक, उड्या मारत येतो. 28 भाग वाजला की सूर एकमेकांना चिकटतात. चाल तीच राहते, पण पाय हलवणारी गंमत सगळी त्या तिसऱ्या आकड्यात आहे. चार मात्रांचे सोळा बार, पाव-पाव मात्रेचा बेस, म्हणजे 256 सूर आणि 768 आकडे. वीज गेली की मेमरी पुसली जाई, म्हणून मधे मधे कॅसेटवर उतरवून ठेवायचं.

आणि चूक झाली की ती तिथल्या तिथे राहत नाही. वेळेची बेरीज होत जाते, त्यामुळे एका सुराला 30 ऐवजी 33 पडले की पुढचा प्रत्येक सूर 3 भाग उशिरा. न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडच्या ‘ब्लू मंडे’ गाण्यात (1983) वेगळा सीक्वेन्सर होता, पण घोळ याच जातीचा झाला. बँडमधल्या जिलियन गिल्बर्ट यांनी ए-फोर कागद चिकटपट्टीने जोडून अख्खं गाणं सुरासुराने लिहून काढलं होतं. यंत्रात भरताना एक सूर सुटला आणि सिंथची धून तालापासून किंचित सरकली. ती तशीच ठेवली गेली. ड्रमकडे कान ठेवून ऐकलंत तर सापडेल.

सूर लावण्याचं काम वेगळंच. त्या काळच्या बहुतेक अॅनालॉग सिंथमध्ये एका सप्तकाला 1 व्होल्ट, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांत जेमतेम 83 मिलिव्होल्टचं अंतर. ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारे सिंथमधले भाग, तापले की सरकतात. या मापात 1 टक्क्याची गफलत झाली तरी तीन सप्तकं वर जाईपर्यंत सूर पट्टीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ढळतो. म्हणून सिंथ अर्धा तास आधी चालू करून ठेवायचा आणि जुळवताना खालचा-वरचा, दोन्ही सा तपासायचे.

आता एमटीव्ही. ‘डेअर’मधलं ‘डोन्ट यू वॉन्ट मी’ डिसेंबर 1981 मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. एमटीव्ही त्याच वर्षी 1 ऑगस्टला सुरू झालं होतं, पण अमेरिकेत. युरोपात आलं ते 1987 साली. त्यामुळे ब्रिटनमधलं यश त्याच्या खात्यावर मांडता येणार नाही. अमेरिकेत मात्र हेच गाणं जुलै 1982 मध्ये वर चढलं, तिथे तुम्ही बरोबर आहात. नव्या वाहिनीला दिवसरात्र दाखवायला व्हिडिओ हवे होते. अमेरिकन बँडांकडे ते फारसे नव्हते, ब्रिटिश बँडांकडे तयार होते. या गाण्याचा व्हिडिओ तर दिग्दर्शक स्टीव्ह बॅरन यांनी सिनेमासारखा 35 मिमी फिल्मवर चित्रित केला होता.

‘आ-हा’ या नॉर्वेच्या बँडचं ‘टेक ऑन मी’ तर तुमच्याच बाजूची साक्ष देईल. 1984 मध्ये ते ब्रिटनमध्ये पडलं. पुढच्या वर्षी बॅरन यांचाच नवा व्हिडिओ आला, त्यासाठी सुमारे 3,000 फ्रेम हाताने रेखाटल्या गेल्या, आणि ऑक्टोबर 1985 मध्ये ते अमेरिकेत अव्वल ठरलं. फक्त एक गोष्ट ध्यानात घ्या: 1984 च्या आवृत्तीलाही व्हिडिओ होताच, आणि मधल्या काळात निर्माते अॅलन टार्नी यांच्यासोबत गाणं नव्याने रेकॉर्ड झालं होतं. दोन्ही आवृत्त्या पडद्याकडे न बघता लागोपाठ ऐका आणि काय फरक जाणवतो ते इथेच लिहा.