ठेका का अडखळतो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जावास्क्रिप्ट या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेच्या सर्जनशील वापरावर झालेल्या मेळाव्याबद्दल मी लिहिलं होतं, त्यावर तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, मनापासून आभार. इतर वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगतो. सुट्टीचा अख्खा दिवस घालवून लोकांनी पडद्यावर ठिपके नाचवले आणि ब्राउझरमधून आवाज काढले. ही भाषा मुळात घाईघाईत बनलेली, तिच्याकडून चित्र नि संगीत करून घेणं ही निव्वळ हौस. तुम्ही स्वतः दिवसभर मोठमोठे तक्ते दाखवणारी पानं बनवता आणि तिथे यातलं काही उपयोगी पडत नाही. शेवटच्या सादरीकरणातल्या लखलखाटाने डोकं दुखलं, तेही वेगळंच.

घाईचं म्हणाल तर खरंच आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीसाठी या भाषेचा पहिला नमुना १० दिवसांत उभा केला. पण मेळाव्यात जे चाललं होतं त्याचा भार त्या १० दिवसांवर नव्हता. पानावर कोडने चित्र काढायची जागा, म्हणजे कॅनव्हास, अ‍ॅपलने २००४ मध्ये आणला, ग्राफिक्स चिपकडून चित्रं काढून घेणारं वेबजीएल २०११ मध्ये आलं, आवाज तयार करणारं वेब ऑडिओ २०२१ मध्ये अधिकृत वेब मानक झालं. चित्र आणि आवाज ही आता ब्राउझरची स्वतःची कामं आहेत.

खरा मतभेद उपयोगाबद्दल आहे. माझं ठाम मत आहे की ठिपके आणि ठोके यांच्या नादाने माणूस ब्राउझर जितका नीट ओळखायला लागतो, तितका फॉर्म बनवून ओळखत नाही.

माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलीचंच उदाहरण घ्या. तिने आठ ठोक्यांचा एक ठेका केला होता. सेटटाइमआउट या जावास्क्रिप्टच्या टायमरला २५० मिलिसेकंद सांगायचे, वेळ झाली की ठोका वाजवायचा आणि पुढचा टायमर लावायचा. नुसता ठेका ऐकताना सगळं ठीक वाटत होतं. मग तिने त्यावर ८०० ठिपके सोडले आणि जवळ आलेल्या ठिपक्यांना रेघांनी जोडायला घेतलं. ठेका लगेच अडखळायला लागला. खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं, कोड न येणाऱ्यांनासुद्धा.

कारण उघड आहे, पण ते कानाने ऐकल्याशिवाय पटत नाही. २५० मिलिसेकंद म्हणजे ‘तेवढ्या वेळाने’ नव्हे, ‘तेवढा वेळ उलटल्यावर सवड मिळेल तेव्हा’. ठिपके काढणारा कोड आणि ठोका वाजवणारा कोड एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकच काम करणाऱ्या वाटेवर, रांगेत उभे असतात. ८०० ठिपक्यांमधली प्रत्येक जोडी तपासायची तर दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला, जवळपास ३ लाख २० हजार तपासण्या होतात. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणाऱ्या पडद्यावर एका फ्रेमला मिळतात साधारण १६.७ मिलिसेकंद, आणि तिचं काम त्यात मावत नव्हतं. ठोका ताटकळत होता. शिवाय प्रत्येक टायमर आधीच्या ठोक्यापासून मोजला जात असल्यामुळे उशीर साठत जात होता.

मग तिघाचौघांनी मिळून ते सोडवलं. वेब ऑडिओचं घड्याळ वेगळं असतं आणि आवाज वेगळ्या धाग्यावर तयार होतो, त्यामुळे ठोका नेमका कोणत्या क्षणी वाजवायचा हे त्याला आधीच सांगून ठेवता येतं. टायमर दर २५ मिलिसेकंदांनी उठवायचा, पुढच्या १०० मिलिसेकंदांत येणारे ठोके ऑडिओकडे सोपवायचे आणि परत झोपवायचा. टायमर ४० मिलिसेकंद उशिरा उठला तरी बिघडत नाही, ठोके आधीच रांगेत लागलेले असतात. हे १०० वाढवले तर ठेका आणखी पक्का होतो, पण लय बदलली की ती उशिरा ऐकू येते. किती वाढवायचे यावर दोघांचा चांगलाच वाद झाला, आणि मला त्या दिवसातला सर्वांत मोलाचा भाग तोच वाटला.

आता तुमचा तक्ता घ्या. हजारो ओळी आहेत, वरच्या चौकटीत कोणी शोधशब्द टाइप करतंय आणि अक्षरं अडकत अडकत उमटताहेत. बहुतेक वेळा दुखणं हेच असतं. प्रत्येक अक्षराला सगळ्या ओळी पुन्हा चाळल्या जातात, नव्याने मांडल्या जातात, आणि पुढचं अक्षर रांगेत थांबतं. फरक इतकाच की तिथे वापरणारा नेटला दोष देऊन मोकळा होतो आणि आपणही ते मान्य करतो. ठेक्यात ती सोय नाही. कान काही मिलिसेकंदांचीही गय करत नाही.

असाच दुसरा धडा, तिथल्याच एका चित्राचा. एकाला यादृच्छिक रेषांमधून फार सुंदर आकृती मिळाली, पान रिफ्रेश झालं आणि ती गेली. जावास्क्रिप्टमध्ये यादृच्छिक आकडे देणाऱ्या मॅथ.रँडमला बीज, म्हणजे ज्यापासून आकड्यांची तीच मालिका पुन्हा सुरू होते तो आकडा, देताच येत नाही, त्यामुळे तीच आकृती पुन्हा मागता येत नाही. बीज घेणारा छोटा जनरेटर स्वतः लिहायचा आणि बीजाचा आकडा चित्राखाली टाकायचा, हा त्यावरचा उपाय. कधीतरीच उगवणारा बग पकडायला टेस्टमध्ये हीच युक्ती लागते.

‘हौस’ म्हणालात, तर ही हौस बरीच जुनी आहे. जर्मन गणिती गेओर्ग नेस यांनी संगणकाने काढलेली चित्रं १९६५ मध्येच श्टुटगार्टला प्रदर्शनात मांडली होती. नवशिक्यांबद्दल म्हणाल, तर केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये प्रोसेसिंग हे कोडने चित्रं काढायचं साधन सुरू केलं ते कलाकारांना आणि शिकणाऱ्यांना कोड जवळचा वाटावा म्हणूनच. लॉरेन मॅकार्थी यांनी तीच कल्पना पी-फाइव्ह-जेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीमधून ब्राउझरमध्ये आणली. पहिल्या दिवशी गोल हलताना दिसला तर माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो, हे मी शिकवताना वारंवार पाहिलं आहे.

राहिला लखलखाट. इथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. वेब सुलभतेचे नियम सांगतात की पडद्यावरचा कोणताही भाग एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखू नये, कारण काहींना त्याने झटका येऊ शकतो. त्या सादरीकरणाआधी साधी सूचनाही दिली गेली नाही. कमी हालचाल हवी अशी निवड वापरणाऱ्याने यंत्रात केलेली असेल तर ती कोडमधून वाचता येते, एका ओळीचं काम आहे. आयोजकांना मी हे कळवलं आहे, आणि पुढच्या वेळी सादर होणाऱ्या प्रत्येक कामात ती ओळ असावी असा आग्रहही धरला आहे.